तीनशेवीस पावलं

दोरवाल्याची सून दिवसातून दहा वेळा घरापासून दूर जायची, आणि दहाही वेळा घराकडे तोंड करूनच. दारात सासरा चाकाची मूठ फिरवत बसलेला, चाकाच्या आकड्याला घायपाताच्या वाखाचं टोक अडकवलेलं, आणि तिच्या कमरेला वाखाचा गठ्ठा. मूठ फिरली की वाखाला पीळ चढायचा. बोटांनी नवा वाख सोडत, उजव्या तळहातातल्या ओल्या फडक्याने तो दाबत ती एकेक पाऊल मागे सरकायची. समोर दोराचा पिळलेला पदर लांब होत जायचा आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला सासरा लहान होत जायचा. पाठीमागे काय आहे ते तिला दिसायचं नाही. ते बघायचं काम गल्लीचं.

गल्ली ते काम इमानेइतबारे करायची. "आली, आली," म्हणत शिंपीणबाई दारातलं स्टूल आत ओढायची. कोंबड्या हाकलल्या जायच्या. गिरणीवाला आपली सायकल उचलून भिंतीला लावायचा, आणि रोज एकदा तरी कुरकुरायचा. घरांपुढच्या त्या रुंद, सरळ पट्ट्यात तीन पिढ्यांत कुणी झाड लावलं नव्हतं की घराची पायरी पुढे काढली नव्हती. तसा कुणी ठराव केला नव्हता. दोर वाकडा वळता येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्न होऊन आली त्या वर्षीच गावाने तिचं नाव उलटपावली ठेवलं. पहिलं वर्षभर ती त्यावरून रडली. दुसऱ्या वर्षी त्या नावाला ओ द्यायला लागली. आता बारा वर्षं झाली होती, आणि खऱ्या नावाने हाक मारायला घरात नवराही नव्हता.

तो चार तासांवरच्या शहरात होता, पंपदुरुस्तीच्या दुकानात. हाताला गुण होता त्याच्या. बंद पडलेलं इंजिन कान लावून ऐकायचा आणि कुठे दुखतंय ते सांगायचा. पण गावात दुरुस्तीला येणार कोण? नवा रस्ता टेकडीपलीकडून गेला तसा आठवड्याचा बाजारही गावातून उठला. बाजार उठला तशी बस दिवसातून चारदाची एकदा झाली, शाळेचा वरचा वर्ग बंद झाला, आणि एकेक करत कमावते हात निघून गेले. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. दीड-दोन महिन्यांनी येतो, दोन दिवस राहतो, आणि जाताना प्रत्येक वेळी तेच बोलतो: "बाजार परत आला तर मी आलोच म्हणून समज. एक गाळा मिळाला की पुरे."

बाजार परत यायचा काही नेम नव्हता, म्हणून हे वाक्य ऐकायला बरं वाटायचं. यंदा मात्र जिल्हा विकास कार्यालयाची योजना निघाली. वीस गावांमागे एक बाजार, त्याला पत्र्याची शेड, गाड्या उभ्या करायला आवार, बसायला बाकं. जागा गावाने द्यायची. अर्ज भरायचं काम मास्तरांकडे आलं. मास्तर निवृत्त होते, गावच्या समितीचे प्रमुख होते, आणि कुठलाही कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जायचा.

ते कागद घेऊन पट्ट्यावर आले तेव्हा ती निम्म्या वाटेवर होती.

"अगं, आपला हा पट्टा किती लांब असेल?"

"तीनशेवीस पावलं," ती न थांबता म्हणाली. थांबलं तर पदर जाड होतो.

"आणि दोराला त्यातला किती लागतो?"

"दोनशे. दोनशेच्या खाली जमत नाही."

मास्तरांनी लिहून घेतलं. या पट्ट्याची लांबी तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? घरी जाऊन त्यांनी एका पावलाचे अडीच फूट धरले आणि अर्जात आठशे फूट लिहिले, त्यातले पाचशे दोराचे. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. गुणाकार अगदी बरोबर होता.

महिन्याभराने कार्यालयातून मोजायला बाई आल्या. वय फार नव्हतं, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, खांद्याला पिशवी, पिशवीत लांब टेप. गावाने दुपारच्या आत त्यांचं नाव टेपवाल्या बाई करून टाकलं. सगळं गाव पट्ट्यावर जमलं होतं. शिंपीणबाईने टेपचं टोक धरलं, गिरणीवाल्याने चुन्याचं घमेलं उचललं. टेप पट्ट्याच्या शेवटाला पोचली तेव्हा बाईंनी वहीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "परत मोजू."

परत मोजलं. चारशे ऐंशी फूट भरले.

"अर्जात आठशे लिहिलेत," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातला कागद काढून उलगडला, आणि मग गर्दीत तिला शोधलं. "तूच सांगितलंस ना गं, तीनशेवीस पावलं?"

"तीनशेवीसच आहेत," ती म्हणाली. काय झालंय ते तिला डोक्याआधी पायांनी कळलं. पुढे पाऊल टाकताना माणूस ढांग टाकतो. मागे जाताना टाच चाचपत ठेवायची असते. तिने तो पट्टा सगळा मोजला होता तो मागे जाताना. येताना हाताने पदर तपासत यायचं, तेव्हा मोजायचं कशाला?

"पावलं उलटी आहेत," ती हळूच म्हणाली.

"काय?" बाईंनी विचारलं.

"मी उलटी पावलं सांगितली."

आधी कुणाला कळलं नाही. मग गिरणीवाल्याला कळलं. "तरी म्हटलं! उलटं चालणारीला विचारलंत तर उलटंच होणार की." लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण सगळेच हसले, आणि मास्तरही खाली बघून थोडेसे हसले, त्याचं तिला जास्त लागलं.

"चालून दाखवता?" टेपवाल्या बाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या.

मग ती सगळ्या गावासमोर रिकाम्या हातांनी मागे मागे चालली. कमरेला वाख नव्हता, समोर पदर नव्हता, आणि हातांचं काय करावं ते तिला सुचेना. बोटं आपली उगाच वाख सोडल्यासारखी हलत होती. कान तापले होते. शेवटाला पोचल्यावर ती म्हणाली, "तीनशेवीस." बाईंनी तिच्या एका पावलावर टेप लावली. बरोबर दीड फूट.

"मोजणं चुकलेलं नाही यांचं," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "पण जागा कमी पडते, त्याला काय करायचं? दोराला पाचशे फूट सोडून बाकी तीनशेत बाजार बसवला होता आम्ही. आता सगळे मिळूनच चारशे ऐंशी आहेत. शेड दीडशे लांब, चाळीस रुंद. मग गाड्या, बैलजोड्या, पाण्याची टाकी. बाजाराचे तीनशे गेले की एकशे ऐंशी उरतात, त्यात दोर बसत नाही." त्यांनी म्हाताऱ्या दोरवाल्याकडे पाहिलं. "तुमची लेखी संमती लागेल, आबा. नाहीतर बाजार पुलापलीकडच्या गावाला जाईल. त्यांचं मैदान तयार आहे. आठ दिवसांनी मी येते."

गर्दी पांगली.

संध्याकाळी सासऱ्याने चाकाच्या कण्याला तेल घातलं. रोज घालायचा तसंच, फक्त आज फडक्याने चाक पुसूनही काढलं, एकेक आरा. ती चुलीपाशी बसून ते बघत होती.

"चाक माळ्यावर टाकू," तो म्हणाला. "सही करून टाकतो मी."

"मामंजी, घाई कशाला?"

"घाई कसली? माझे गुडघे गेले, तू एकटी किती दिवस चालणार? बाजार आला तर पोरगा घरी येईल. नवरा-बायको एका जागी राहाल. मला आणखी काय पाहिजे?"

त्याचं सगळं खरं होतं. पण त्याचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता आणि ते त्याच्या ध्यानात नव्हतं. मूठ नसली की तो हात दिवसभर काय करील, हे तिला आत्ताच दिसत होतं. बारा वर्षांत सासरा तिच्याशी फारसं बोलला नव्हता. जे बोलायचं ते पदरातून. तीनशे फुटांवरून एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तिला ताप असला तर ते त्याला पदरावरून कळायचं आणि तो मूठ हळू करायचा. आईला कळत नव्हतं इतकं या माणसाला तिचं कळत होतं, आणि ते सगळं आता माळ्यावर टाकायचं होतं.

नवऱ्याचा फोन आला. तिने झालेलं सांगितलं, उलट्या पावलांसकट. तो हसला नाही.

"मग आता?"

"मामंजींची सही पाहिजे."

मागे दुकानातला पंप धडधडत होता. मग तो म्हणाला, "आबांना विचारू नकोस. ते हो म्हणतील."

"म्हणाले."

"मग मी येऊन तरी कसा बसू त्या गाळ्यात?" तो म्हणाला. "त्यांचं चाक बंद करून?"

तिला वाटलं, हा माणूस इथे असता तर आत्ता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं. ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने विचारलं, "जेवलात का?"

पुढचे दिवस कामात गेले. नावाड्याचा मोठा दोर वळायचा होता. नदीच्या दोन्ही काठांना बांधून त्याच्या आधाराने तो नाव ओढायचा. नायलॉनचा आणून पाहिला होता त्याने, हाताची सालटी निघाली. असा दोर म्हणजे तीन जाड पदर आधी वेगवेगळे पिळायचे, खुंटांवर ताणून ठेवायचे, आणि मग तिन्ही मिळून उलटा पीळ द्यायचा. बहुतेक शेवटचा मोठा दोर, म्हणून दोघांनीही त्यात काही कमी केली नाही. वाख विंचरून विंचरून तिची बोटं सोलवटली. सासरा दुपारी पडायचा, तोही पडला नाही. गल्लीही या दिवसांत जरा जास्तच सांभाळून बाजूला व्हायची. गिरणीवाल्याने तर सायकल पट्ट्यावर आणलीच नाही.

आठव्या दिवशी सकाळी तिन्ही पदर ताणून झाले. तीनशे फूट, दर वीस पावलांवर एक खुंट. एवढ्यात टेपवाल्या बाईंची स्कूटर आली. पिशवीतून संमतीचा कागद निघाला. सासऱ्याने हात पुसले आणि पेन मागितलं.

"आधी हा दोर होऊ द्या," ती म्हणाली. "घटकाभर थांबा, बाई."

बाई ओट्यावर टेकल्या. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं, पण या दिवसांत ते नुसतं भरतं, पडत नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. ती पदरांच्या पार टोकाला पोचली आणि पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला.

भिजलेला पदर फुगतो. पीळ जागोजाग गोळा होतो, आणि तो वाळला की कशाच्याच कामाचा राहत नाही. सोडून गुंडाळावा तर पीळ उलगडतो. म्हणजे धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. तिने एक झटका दिला. तिकडून सासऱ्याचा झटका आला. दोघं आपापल्या टोकाला अडकून पडली.

"दोर!" ती ओरडली.

शिंपीणबाई मशीनवरचं कापड घेऊन धावत आली आणि तिने ते पदरांवर धरलं. तिच्या शेजारणीने परात आणली. कुणी पोतं आणलं, कुणी छत्री, कुणी मोडक्या दाराची फळी. मास्तर धोतर सावरत आले आणि दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उघडून उभे राहिले, ते वर्तमानपत्र मिनिटात लगदा झालं तरी हात खाली घेईनात. गिरणीवाल्याने पिठाच्या चार गोण्या फाडून आणल्या. तो आणि त्याची बायको दोन खुंटांमध्ये गोण्या ताणून उभे राहिले, आणि पांढरं पाणी त्याच्या नाकावरून ओघळायला लागलं. एका जागी पाच-सात फूट उघडे राहत होते. टेपवाल्या बाई ओट्यावरून उठल्या, अंगातला रेनकोट काढून तिथे धरला आणि भिजत उभ्या राहिल्या.

पाऊस सरळ पडत होता.

ती टोकाला उभी होती, तोंड घराकडे. समोर परातींचं, पोत्यांचं, छत्र्यांचं एक लांबच लांब, चिंचोळं छप्पर झालं होतं, तिच्यापासून सासऱ्यापर्यंत. त्या छपराखाली तिन्ही पदर कोरडे होते. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, आणि मधून चालायला वाट मोकळी होती.

तिने ते एकदा पाहिलं. मग परत पाहिलं.

पाऊस पाव तासात गेला. सासऱ्याचे दोन झटके आले. दोघांनी दोर वळून पुरा केला आणि मगच ती घराकडे आली, ओल्या पायांनी, जवळजवळ पळत.

"बाई, शेड चाळीस फूट रुंदच पाहिजे का?"

"म्हणजे?" बाई केस पिळत होत्या.

"रुंदी निम्मी करायची. लांबी दुप्पट."

बाईंनी पिशवीतून वही काढली. संमतीचा कागद त्यातच होता, ओला झालेला. त्या कागदाच्या पाठीवर त्यांनी एक लांब चौकोन काढला. "तीनशे बाय वीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"क्षेत्रफळ तेवढंच," मास्तर मागून म्हणाले. "सहा हजार. पत्रेही तेवढेच लागतील."

"दोन्ही कडांना गाळे," ती म्हणाली, "आणि मधे वाट सरळ. बाजार आठवड्यातून एक दिवस. बाकी सहा दिवस ती वाट दोराची. पावसाळ्यातही." दरवर्षी पावसाचे चार महिने चाक बंद असायचं. त्या चार महिन्यांचा विचार तिने आत्तापर्यंत केलाच नव्हता.

"पुढे एकशे ऐंशी फूट उरतात," बाई म्हणाल्या. "गाड्यांना पुरतील." त्यांनी मान वर केली. "पण गाळेवाल्यांनी माल वाटेत मांडला तर?"

गिरणीवाला नाकावरचं पीठ पुसत होता. "वाटेत कोण मांडतंय?" तो म्हणाला. "आमची तीन पिढ्यांची सवय आहे."

मास्तरांनी घसा साफ केला. "बाई, अजून एक लिहून घ्या. अर्जातली चूक माझी होती. पाऊल कुठलं, ते मी विचारलंच नव्हतं." हे ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. वर्गात बोलायचे तसे.

सासऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "पत्र्याखाली वाखाला वारा लागेल का?"

"बाजू उघड्याच असतात, आबा."

"मग हरकत नाही," तो म्हणाला, जशी काही परवानगी त्याच्याच हातात होती. आणि तशी ती होतीही.

कार्यालयाने होय म्हणायला तीन आठवडे घेतले, पत्रे यायला दोन महिने. खांब रोवताना सासरा रोज काठी टेकत जाऊन एक डोळा मिटून ओळ बघायचा. दोन खांब चार बोटं आत आले होते, ते त्याने कारागिरांना उपटायला लावले. पावसाळा लागला तेव्हा वर पत्रा वाजत होता, खाली चाक फिरत होतं, आणि ती कोरड्या जमिनीवर एकेक पाऊल मागे सरकत होती.

बाजाराचा पहिला दिवस उजाडला तो गाड्यांच्या आवाजाने. भाजीवाले, भांडीवाले, बियाणंवाले, कुठून कुठून माणसं आली. बस दोनदा येऊन गेली. शिंपीणबाईने मशीन गाळ्यात हलवलं आणि दुपारपर्यंत तिला मान वर करायला सवड मिळाली नाही. घराकडच्या टोकाला सासरा चाकापाशी बसून दोर, कासरे, दावी विकत होता. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला की दोर त्याच्या हातात देऊन म्हणायचा, "तोडून दाखव."

त्याने तिला हाक मारली. "सूनबाई, त्याला चहा नेऊन दे. सकाळपासून मान खाली घालून बसलाय."

नवऱ्याचा गाळा पार दुसऱ्या टोकाला होता, शेवटचा. तिने पेला भरला, वर बशी झाकली आणि निघाली. वाटेत गर्दी होती, पण ती दिसताच गल्लीतली माणसं सवयीने "आली, आली" करत बाजूला झाली. ती सरळ तोंडाने येत होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांचं बघून परगावचे लोकही बाजूला झाले. सबंध वाट तिच्यापुढे मोकळी झाली.

तिने मोजायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप मोजायला लागले. शंभरावर ती आली तेव्हा तिला नवऱ्याची पाठ दिसली, इंजिनावर वाकलेली, कान लावलेला. तिची पावलं जराशी लांब पडली. चहा हिंदकळून बशीत सांडला, आणि ती गाळ्यापाशी थांबली.

"एकशेवीस," ती म्हणाली.

त्याने तेलकट हात फडक्याला पुसले. "काय एकशेवीस?"

"घरापासून इथपर्यंत." तिने पेला पुढे केला. "मला इतकी वर्षं दोनशे वाटत होती."

त्याने घराच्या दिशेने पाहिलं. वाटेच्या त्या टोकाला त्याचा बाप कुणाला तरी दोर तोडायला लावत होता.

"घ्या," ती म्हणाली, "निवेल."